रुमाल

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. खानदेशातल्या एका आगारात त्यांनी ३१ वर्षं काढली. सुरुवातीला ट्रेमधली तिकिटं पंच करून दिली, शेवटी शेवटी मशीनमधून काढून दिली. त्यामुळे 'हे कोणाचं?' हा प्रश्न मला पुस्तकात भेटायच्या कितीतरी आधी बसस्टँडवर भेटला.

ज्यांनी एसटीने फारसा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडी फलाटाला लागायच्या आधी, ड्रायव्हर ती अजून मागे घेत असतानाच, लोक तिच्याबरोबर पळायला लागतात. दारात झुंबड असते म्हणून खिडक्यांतून वस्तू आत पडतात. रुमाल, टॉवेल, पिशवी, टोपी, एखाद्या वेळी चप्पल. मी चार वर्षांचा असताना लग्नसराईत माझ्या काकाने मला स्वतःला खिडकीतून आत सोडून 'आडवा पड' असं सांगितलं होतं. मी तिघांच्या सीटवर आडवा पडलो आणि आमच्या कुटुंबाला जागा मिळाली. म्हणजे मी एकेकाळी रुमाल होतो.

यावरून भांडणं होतातच. 'रुमाल टाकला होता दिसत नाही का?' 'रुमालानं तिकीट काढलंय का?' हे दोन डायलॉग महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्टँडवर रोज ऐकू येत असतील. ही भांडणं पप्पा सोडवायचे. त्यांचे नियम कुठल्याही परिपत्रकात नव्हते, पण पक्के होते. रुमालाचा मालक आसपास दिसला पाहिजे. दारात अडकला असेल, पोराला लघवीला घेऊन गेला असेल, चालेल. एका माणसाचा एकच रुमाल. घरून अजून निघालेल्याच नाहीत अशा पाहुण्यांसाठी टाकलेला रुमाल बाद. आणि घंटी वाजली की सगळे रुमाल संपले, जो बसलाय तो बसला.

मला ते लहानपणी फार थोर वाटायचं. अजूनही वाटतं, पण का वाटतं ते कळायला बराच वेळ लागला. मध्ये एक रात्र गेली. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून हे सुरू केलंय.

*

इंजिनिअरिंगला आम्हाला तत्त्वज्ञान नव्हतं. जे थोडंफार वाचलं ते नोकरी लागल्यावर, फोनवर, रात्री एक वाजता. असंच एकदा कळलं की रुमालाचा हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमन लेखक सिसेरो याच्या एका ग्रंथात कॅटो हा स्टोइक पंथाचा माणूस थिएटरचं उदाहरण देतो. थिएटर सगळ्या शहराचं असतं, तरीही एखाद्याने जी जागा घेतली ती त्याची, असं म्हणणं बरोबर आहे. जग सगळ्यांचं असूनही त्यात 'माझं' असं काही कसं असू शकतं, हे समजावण्यासाठी हे उदाहरण आहे. पुढे मालमत्तेच्या हक्काबद्दल लिहिणाऱ्या अनेकांनी ते उचललं.

उदाहरण छान आहे, पण ते गाडीला तसंच्या तसं लागू होत नाही. थिएटर एका जागी असतं. सगळे प्रेक्षक एकाच दारातून, साधारण एकाच वेळी येऊ शकतात. उशिरा आलेल्याला 'लवकर यायचं होतंस' असं म्हणता येतं. गाडीत मनमाडला चढणारा माणूस उशिरा चढतो कारण तो मनमाडला राहतो. तो कितीही लवकर उठला तरी पुण्याला चढणाऱ्याच्या आधी गाडीत शिरू शकत नाही. गाडी जिथून निघते तिथल्या लोकांचा पहिला रुमाल असतो, आणि त्यात त्यांचं कर्तृत्व काही नसतं.

रेल्वेला हे माहीत आहे. म्हणूनच वेगवेगळे कोटे आहेत. तिकिटावर जीएनडब्ल्यूएल, पीक्यूडब्ल्यूएल, आरएलडब्ल्यूएल अशी अक्षरं दिसतात आणि आपण वैतागतो, पण त्यामागे विचार आहे. लांब पल्ल्याच्या गाडीतला बर्थ ही एक वस्तू नसतेच मुळी. पुणे ते भुसावळ एक वस्तू, भुसावळ ते जबलपूर दुसरी. एकच फळी एका रात्रीत दोन-तीन जणांना विकता येते. सगळ्या फळ्या सुरुवातीलाच शेवटपर्यंतच्या प्रवाशांना दिल्या तर मधल्या गावांना काहीच उरणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी काही बाजूला ठेवायच्या. शिवाय महिलांसाठी, ज्येष्ठांसाठी, सैन्यातल्यांसाठी वेगळ्या. व्यवसायाने प्रोग्रामर असल्यामुळे मला या गोष्टीचं अतोनात कौतुक आहे. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या स्टेशनांमध्ये, कोण कुठून कुठे जाणार हे मिनिटामिनिटाला जुळवत राहणं हे सोपं काम नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यात संगणकावर आरक्षण सुरू होईपर्यंत हे सगळं जाडजूड रजिस्टरांमध्ये हाताने चालायचं. २००२पासून ते इंटरनेटवर आलं, आणि रुमाल टाकायला स्टँडवर जायची गरज संपली.

*

आता माझ्या रुमालाबद्दल.

तत्काळचं तिकीट गाडी सुरुवातीच्या स्टेशनवरून निघण्याच्या आदल्या दिवशी उघडतं. एसीचं १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. सणाच्या दिवसांत ११ वाजून २ मिनिटांनी काहीही उरत नाही. माझी रोजची स्टँड-अप मीटिंग नेमकी ११ वाजता असायची. दोन दिवाळ्या मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, टेबलाखाली फोन धरून तिकीट काढायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा खासगी बसला तिप्पट पैसे मोजून घरी गेलो.

तिसऱ्या वर्षी मी एक स्क्रिप्ट लिहिली. फार हुशारीचं काम नव्हतं. ब्राउझरमध्ये नाव, वय, गाडी, क्लास आपोआप भरायचं, पान बदललं की पुढचं बटण दाबायचं, पैसे भरायच्या पानापर्यंत पोचायचं. कॅप्चा तेवढा मी डोळ्यांनी वाचायचो. हाताने ज्याला मिनिट-दीड मिनिट लागायचं ते काही सेकंदांवर आलं. साइटच्या अटींत हे बसत नाही हे मला ठाऊक होतं. पण मी तिकिटं विकत नव्हतो, खोटी नावं घालत नव्हतो. स्वतःपुरतं, फार तर दोन रूममेटपुरतं. पहिल्यांदा कन्फर्म तिकीट आलं तेव्हा मला पहिल्या पगारापेक्षा जास्त आनंद झाला होता, हे खरं सांगायला हवं.

माझं त्यावेळचं समर्थन असं होतं. रांग सगळ्यांना सारखी आहे. मी रांग मोडलेली नाही, फक्त जोरात पळालो. कोणी जिममध्ये जाऊन पायात ताकद आणतो, मी कोड लिहिला.

याला उत्तर द्यायला कोणी समोर नव्हतं, हीच गंमत. स्टँडवर रुमाल टाकला की ज्याची जागा जाते तो समोर उभा राहून शिव्या देतो. माझ्यामुळे ज्याचं तिकीट वेटिंगवर गेलं त्याचं तोंड मला कधीच दिसणार नव्हतं. त्याच्या स्क्रीनवर फक्त एक आकडा आला असेल.

*

२०२४ची दिवाळी. पुण्याहून बिहारकडे जाणारी गाडी, मला भुसावळपर्यंत. एस-६, ३३ नंबर, लोअर. दिवाळीनंतर आठवडाभरात छठ असते, त्यामुळे या दिवसांत या गाड्यांची काय अवस्था असते ते पुणे स्टेशनवर एकदा बघण्यासारखं आहे. जनरलच्या डब्यासाठी लोक दुपारपासून रांगेत बसलेले असतात. रात्री गाडी लागली की रांग वगैरे राहत नाही.

मी डब्यात शिरलो तेव्हा माझ्या बर्थवर चार जण होते. पस्तिशीचा एक माणूस, त्याची बायको, एक सहा-सात वर्षांची मुलगी आणि एक तिच्याहून लहान, झोपलेली. मी फोनवर तिकीट दाखवलं. माणूस लगेच उठला. त्याच्याकडेही तिकीट होतं, खिडकीवर काढलेलं, कागदाचं, वेटिंगचं. चार्ट तयार झाल्यावरही ते वेटिंगच राहिलं होतं. नियमाने वेटिंगवाल्याला स्लीपरमध्ये बसता येत नाही. तरी लोक बसतात, कारण हातात तिकीट असतं, पैसे भरलेले असतात, आणि गावाला जायचं असतं.

तो फरशा बसवायचं काम करायचा. वाकड, ताथवडे, त्या सगळ्या नव्या इमारतींत. नऊ वर्षं पुण्यात असल्यामुळे चांगलं मराठी बोलायचा. म्हणाला, "दादा, पोरगी झोपली आहे. पायाशी बसू द्या थोडा वेळ. मनमाडला बघतो काहीतरी."

मी म्हणालो, "मला झोपायचंय."

बस, एवढंच. मी आवाज चढवला नाही, अपशब्द वापरला नाही. आणि माझं चूक होतं असंही नाही. रात्री दहा ते सहा ही झोपायची वेळ रेल्वेनेच ठरवलेली आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मला घरून लॉग-इन करायचं होतं. सगळे नियम माझ्या बाजूने होते. ते चौघं दोन बर्थच्या मधल्या जागेत खाली बसले. मोठी मुलगी माझ्या बुटांशेजारी डोकं टेकून झोपायच्या तयारीला लागली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो आणि अर्थातच झोप आली नाही.

नगरच्या थोडं आधी टीसी आला. त्याने कागद बघितला आणि जनरलला जायला सांगितलं. त्याचंही बरोबरच होतं. पॅसेजमध्ये आणखी पंधरा-वीस जण होते आणि समोरच्या साइड लोअरवर एक बाई एकटी प्रवास करत होती, ती मघापासून अंग चोरून बसली होती. तिने रीतसर तिकीट काढलं होतं ते रात्री निर्धास्त झोपता यावं म्हणूनच ना?

नगरला गाडी थांबली. ते चौघं उतरले. दोन मोठ्या बॅगा, एक रंगाची प्लास्टिकची बादली, त्यात कोंबलेलं सामान. लहानी बापाच्या खांद्यावर, अजून झोपलेलीच. माझ्या खिडकीतून ते पुढच्या जनरल डब्याकडे पळताना दिसले. मोठी मुलगी मागे पडली, आईने बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन तिचा दंड धरला. मग ते गर्दीत दिसेनासे झाले. जनरलच्या दाराशी लोक आतून दार लावून बसलेले असतात हे मला माहीत होतं. बाहेरचे दारावर थापा मारत होते, तो आवाज माझ्यापर्यंत येत होता.

गाडी सुटली. प्लॅटफॉर्म मागे सरकला तेव्हा मी बघत होतो की ते तिथे उभे दिसतात का. बरेच लोक राहिले होते. त्यात ते होते की नव्हते, मला सांगता येणार नाही.

*

पुढचे काही दिवस मी या प्रकरणाचा गुंता सोडवायचा प्रयत्न केला, एखादा बग शोधतात तसा.

पहिला संशय स्क्रिप्टवर. मी स्क्रिप्ट वापरली नसती तर ३३ नंबर त्यांना मिळाला असता का? नाही. त्यांचं तिकीट वेगळ्या यादीत होतं. तत्काळची जागा तत्काळमधल्याच कोणालातरी गेली असती, बहुधा माझ्यासारख्याच कोणाला तरी, ज्याचं नेट जरा बरं आहे. म्हणजे या कुटुंबापुरतं बोलायचं तर स्क्रिप्टचा काही संबंध नाही. ज्याचं नुकसान मी केलं तो दुसराच कोणीतरी, आणि ज्यांच्याबद्दल वाईट वाटतंय त्यांचं नुकसान मी स्क्रिप्टने केलेलं नाही. हे लक्षात आल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुसरा बचाव पैशांचा. मी पैसे मोजलेत. पण हा बचाव तर तिकिटावरच खोडून ठेवलेला असतो. रेल्वेने मध्यंतरी तिकिटांवर छापायला सुरुवात केली होती की तुमच्या भाड्यातून प्रवासाच्या खर्चाचे सरासरी ५७ टक्केच वसूल होतात, उरलेले ४३ टक्के देशातले सामान्य नागरिक सोसतात. आपण ते कधी वाचत नाही. हे उरलेले पैसे कुठून येतात? बऱ्याच अंशी मालगाड्यांतून. कोळसा, सिमेंट, धान्य यांच्या वाहतुकीवर जे जास्त घेतलं जातं त्यातून प्रवाशांचा तोटा भरून काढतात. म्हणजे ज्याच्या घरात विजेचा एक दिवा आहे, जो सिमेंटची एक गोणी विकत घेतो, तो माझ्या ३३ नंबरचा थोडा थोडा भागीदार आहे. फरशा बसवणारा तर सिमेंटमध्येच जगतो. तेव्हा 'मी विकत घेतलंय' हे म्हणणं फार टिकत नाही. सामाईक वस्तूतला एक तुकडा एका रात्रीपुरता माझ्या नावे लावला गेला होता, एवढंच.

तिसरा बचाव कायद्याचा, आणि तो खरंच भक्कम आहे. १९८९च्या रेल्वे कायद्यात १५५ नावाचं कलम आहे. आपल्यासाठी आरक्षित नसलेल्या डब्यात बसून उठायला नकार दिला तर ५०० रुपयांपर्यंत दंड. कायदा माझ्या बाजूने. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम मी नंतर वाचलं. आपल्यासाठी राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला रीतसर शिरताना अडवलं, तर त्यालाही दंड आहे, २०० रुपयांपर्यंत. म्हणजे कायद्याला दोन्ही गुन्हे ठाऊक आहेत, दुसऱ्याच्या जागेत बसणं आणि सगळ्यांच्या जागेचं दार आतून लावणं. पहिल्याचा दंड जास्त. दुसऱ्यासाठी कोणाला दंड झालेला तुम्ही कधी पाहिलाय? मी नाही पाहिला.

आणि त्या रात्री जनरलचं दार लावणारे कोण होते? तेही छठला निघालेले, तसेच दमलेले, बहुतेक तेवढेच गरीब लोक. पुण्याच्या प्लॅटफॉर्मवर तेच दारावर थापा मारत 'आत जागा आहे' असं ओरडत असणार आणि नगरला तेच आतून 'जागा नाही' म्हणत होते. त्यामुळे यातून 'एसीवाले वाईट, जनरलवाले चांगले' अशी सोपी गोष्ट मला करता येत नाही. हान्स मॅग्नुस एन्झेन्सबर्गर या जर्मन लेखकाने १९९२ साली स्थलांतरावर एक पुस्तक लिहिलं, त्यात रेल्वेच्या डब्याचंच उदाहरण आहे. आधी बसलेले लोक नव्याने आलेल्याकडे घुसखोर म्हणून बघतात आणि पुढच्या स्टेशनला तोच नवा माणूस जुन्यांच्या बाजूला जाऊन बसतो. त्याचा रोख युरोपकडे होता. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला तो रोख कुठेही वळवता येईल. माझेच आईवडील मला 'पुण्यात आता बाहेरचे फार झालेत' असं फोनवर सांगतात, आणि मी स्वतः पुण्यात बाहेरचाच आहे.

*

मला वाटतं माझी गफलत अशी होती की मी हक्काला उत्तर समजत होतो. हक्क एवढंच सांगतो की मला कोणी उठवू शकत नाही. मी काय करावं हे तो सांगत नाही. ३३ नंबरवर झोपायचा हक्क माझा होता हे मान्य केलं तरी, त्या हक्काचं त्या क्षणी काय करायचं हा प्रश्न जसाच्या तसा शिल्लक राहतो. तो प्रश्न मी 'मला झोपायचंय' या वाक्याने विचारायच्या आधीच मिटवला.

मुंबईच्या लोकलमध्ये सेकंड क्लासचं तिघांचं बाक असतं. त्यावर चौथा माणूस येऊन उभा राहतो, हाताने थोडी खूण करतो, आणि तिघं सरकतात. चौथी सीट. तिचा कायदा नाही, पाटी नाही. चौथ्याला धड बसता येत नाही, अर्धं शरीर पॅसेजमध्येच असतं, पण टेकता येतं. सरकायला कोणी नकार दिला तर त्याच्यावर गुन्हा दाखल होत नाही, फक्त बाकीचे त्याच्याकडे बघतात. शिवाय 'कुठे उतरणार?' असं विचारून ठेवायचं, म्हणजे तो उठल्यावर जागा तुमची. माझ्या बघण्यातली ही सगळ्यात चांगली आरक्षण पद्धत आहे. सर्व्हर डाउन होत नाही. तिचं मला आवडतं ते हे की 'माझी जागा' या कल्पनेत सरकण्याची सोय आधीच धरलेली आहे.

पण इथेही एक अडचण आहे आणि ती मला टाळायची नाही. लोकलमध्ये तासाभराचा प्रश्न असतो. रात्रभराच्या प्रवासात मी पायाशी जागा दिली असती तर ते औदार्य फक्त माझ्या फळीचं झालं नसतं. चार माणसं म्हणजे सामान, बाथरूमला जाणं, दिवा लावणं. समोरच्या साइड लोअरवरच्या बाईला माझं औदार्य विचारून आलं नसतं. डब्यातल्या प्रत्येकाने असं एकेक कुटुंब ठेवून घेतलं तर स्लीपरचा जनरल व्हायला एक तासही लागत नाही, आणि सणाच्या दिवसांत तसा तो होतोही. मग आजारी माणसाने, एकट्या मुलीने जायचं कशाने? कडक नियमांमागे काही क्रूरपणा असतो असं नाही, बऱ्याचदा कोणाची तरी झोप असते.

म्हणून एकट्याच्या चांगुलपणावर हे सगळं टाकून मोकळं होता येत नाही. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या डब्यांबद्दल एक पत्रच लिहिलं होतं. मुंबई-मद्रास प्रवासातल्या त्यांच्या डब्यावर २२ माणसांची क्षमता लिहिलेली होती आणि तेवढ्यांना तिथे जेमतेम बसता येत होतं. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त असेल, पण तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश, निदान एक दशांश तरी सोयी मिळतात का, असा त्यांचा हिशेब होता. मला हा हिशेब फार आवडतो, कारण त्यात कोणाला दानशूर व्हायला सांगितलेलं नाही. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या काळात दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला. दोन इंच. आज आपण ज्या बर्थवर 'माझा' म्हणून पडतो त्यावरचा मऊपणा तिथून सुरू होतो. कोणीतरी वरच्या वर्गाला आणखी वर न्यायच्या आधी खालच्या फळीकडे बघितलं होतं.

हे सगळं खरं आहे, आणि तरीही त्या रात्री माझ्यासमोर धोरण नव्हतं. एक झोपलेली मुलगी होती आणि नगरपर्यंतचा अडीच-तीन तासांचा प्रश्न होता. तेवढा वेळ मी पाय आखडून बसू शकलो असतो. झोप तर तशीही लागली नाही.

*

घरी गेल्यावर पप्पांना सांगितलं. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "तिकीट तुझं होतं. उठवलं, त्यात काय चुकलं? मी रोज उठवायचो लोकांना."

मग मी स्क्रिप्टचंही सांगितलं. ते त्यांना समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर ते गप्प झाले आणि मग विचारलं, "म्हणजे दार उघडायच्या वेळी तू तिथं नव्हताच?"

"मी मीटिंगमध्ये होतो."

"मग तो रुमाल बाद."

मी त्यांना माझा सगळा युक्तिवाद ऐकवला. त्या कुटुंबाचा स्क्रिप्टशी संबंध नाही, याद्या वेगळ्या असतात, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. "ते असेल," म्हणाले. "पण बसलेल्याला उठवायचं तर आपली जागा तरी सरळ मिळालेली पाहिजे." आमचं यावर एकमत झालं नाही. त्यांना माझा गुन्हा ११ वाजताचा वाटतो, मला रात्रीचा. त्यांच्या मते जागा नीट मिळवली असती तर मी निवांत झोपलो असतो. मला वाटतं जागा कितीही नीट मिळालेली असो, नगरचा प्लॅटफॉर्म तसाच राहिला असता. आई मध्येच म्हणाली, "पोरींनी काही खाल्लं होतं का?" ते मी विचारलं नव्हतं.

स्क्रिप्ट मी काही मोठ्या मनाने डिलीट केली असं नाही. २०२५च्या जुलैपासून तत्काळ तिकिटाला आधारशी जोडलेला ओटीपी आला आणि ती निरुपयोगी झाली. फोल्डर अजून लॅपटॉपमध्ये आहे.

गेल्या महिन्यात जळगावहून गावी एसटीने निघालो होतो. गाडी लागली, मी लवकर चढलो, खिडकीची जागा मिळाली. बाहेरून एका बाईने गजांतून हात घालून मला रुमाल दिला. "दादा, त्या पुढच्या सीटवर टाका ना. मी पोराला घेऊन येते." मी उठून टाकला. तेवढ्यात दारातून एक म्हातारे बाबा आत आले, हातात दवाखान्याची पिशवी. त्यांनी रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोणी हाय का इथं?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाई दिसत नव्हती. कंडक्टर दोरीला हात घालत होता.

"येतायत," मी म्हणालो, आणि उठून त्यांना माझी जागा दिली. मग गाडी सुटली तरी ती बाई आली नाही, आणि पुढच्या थांब्यापर्यंत मी त्या रुमालाशेजारी उभा होतो.